बुधवारचा शेतकरी बाजार, हडपसर: तीन वर्षांच्या गिऱ्हाइकाचा अनुभव

पुण्यात हडपसरला आमच्या सोसायटीजवळच्या मैदानात दर बुधवारी सकाळी शेतकऱ्यांचा बाजार भरतो. तो कसा आहे, भाजी खरंच शेतातली असते का, स्वस्त पडते का, असं मला आतापर्यंत निदान वीस जणींनी विचारलं असेल. म्हणून एकदा बसून नीट लिहिते.

आधी मी कोण ते सांगते, म्हणजे माझ्या मताला किती वजन द्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी गेली चौदा वर्षं जेवणाचे डबे करते. रोजचे पंचेचाळीस. आठवड्याला साठ-सत्तर किलो भाजी माझ्या हाताखालून जाते. माझं माहेर बारामती तालुक्यात, सुप्याच्या बाजूला, पार जिरायती गाव. वडील वांगी आणि गवार लावायचे, आणि माल गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पाठवायचे. त्यामुळे भाजीच्या दोन्ही टोकांना मी राहिलेली आहे.

बाजार सकाळी साडेसहाला सुरू होतो आणि साडेदहाला आवरतात. अकरा-बारा गाळे असतात. गाळे म्हणजे लोखंडी टेबलं, त्यावर कॅरेट, वर ताडपत्री. बहुतेक मंडळी पुरंदर तालुक्यातली. सासवडपासून इथवर दिवे घाट उतरून पंचवीसेक किलोमीटर. पालेभाजी आदल्या दिवशी संध्याकाळी काढलेली असते, वांगी-भेंडी पहाटे तोडलेली. भोरकडचे एक जण इंद्रायणी तांदूळ आणतात. इंद्रायणी हे वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली आलं, आंबेमोहराच्या संकरातून, म्हणून तो वास. नवा तांदूळ चिकट होतो. डब्यासाठी मी त्यांच्याकडून वर्षभर जुना झालेलाच मागून घेते, आणि ते आठवणीने बाजूला ठेवतात.

आता भाजीबद्दल. मेथी, शेपू, चाकवत, राजगिरा इथे जितका चांगला मिळतो तितका मला आसपास कुठे मिळालेला नाही. जुडी उचलली की कळतं. मुळाशी ओली माती असते, पण देठ पाणी मारमारून फुगवलेले नसतात. पाणी मारलेली मेथी घरी आणल्यावर दुपारपर्यंत काळी पडते. इथली मी ओल्या फडक्यात गुंडाळून तिसऱ्या दिवशीही वापरली आहे. पावसाळ्यात पुरंदरचा वाटाणा येतो. शेंग दाबली की आतला दाणा बोटाला लागतो, आणि दहा किलो शेंगांचे पाच किलोच्या आसपास दाणे निघतात. डबेवालीला हा हिशोब महत्त्वाचा. मागे एका दुकानातून घेतलेल्या वाटाण्याचे दहा किलोला साडेतीनच निघाले होते.

अंजिराबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे आता पुष्कळांना माहीत आहे. पण झाडावर पिकलेलं अंजीर शहरात फार कमी लोकांनी खाल्लेलं असतं. ते दीड-दोन दिवसांच्या वर टिकत नाही. म्हणून लांबच्या बाजारात पाठवायचं तर थोडं कच्चंच तोडावं लागतं, आणि अंजीर एकदा तोडलं की ते मऊ होतं पण पुढे गोड होत नाही. आमच्या बाजारात येणारे अंजीरवाले मामा पहाटे चारला कपाळावर बॅटरी बांधून तोडायला लागतात. अंजिराच्या देठातून पांढरा चीक निघतो, तो बोटांना लागून कातडी सोलवटते. मामांच्या उजव्या हाताची पहिली दोन बोटं कायम भाजल्यासारखी दिसतात. फळं अंजिराच्याच पानावर, देठ खाली करून, एकाच थरात मांडलेली असतात. देठाच्या विरुद्ध टोकाला जरा फुटलेलं आणि आत लाल दिसणारं असेल ते त्याच दिवशी खायचं, हे मामा प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात. हिवाळ्यातला खट्टा बहार आणि मार्चपासूनचा मीठा बहार, यांतला मीठा बहार घ्या. नावातच सगळं आलं.

भाव कसा ठरतो तेही विचारून घेतलं होतं. ही मंडळी एका शेतकरी गटाची आहेत. मंगळवारचा मार्केट यार्डातला घाऊक भाव आणि हडपसरच्या हातगाडीवरचा किरकोळ भाव, या दोन्हींच्या साधारण मधला भाव ते बुधवारी पहाटे ठरवतात आणि फळ्यावर लिहितात. सगळ्या गाळ्यांवर तोच. घासाघीस करायची नाही. मला सुरुवातीला हे अवघड गेलं, कारण पाच किलो घेणारीला थोडं कमी लावायला हवं असं मला वाटायचं. आता मी त्यांचं म्हणणं मान्य केलं आहे.

ते का, हे सांगायला माझ्या वडिलांची एक पट्टी सांगावी लागेल. पट्टी म्हणजे आडत्याकडून, म्हणजे मार्केट यार्डातल्या दलालाकडून, शेतकऱ्याला येणारा हिशोबाचा कागद. मी सातवी-आठवीत असेन. वडिलांनी सहा गोण्या वांगी एका आडत्याकडे पाठवली. चार दिवसांनी गाडीवाल्याबरोबर पट्टी आली. वांग्याची रक्कम वर, आणि खाली एकेक वजा केलेलं: आडत, हमाली, तोलाई, मोटारभाडं. शेवटच्या ओळीत अकरा रुपये. आईने तो कागद दोनदा वाचला, मग घडी करून देव्हाऱ्यामागे ठेवला. वांगी तोडायला आम्ही चार जण दोन दिवस होतो. पुढे २०१६ साली राज्य सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला, आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची ठरली, आणि शेतकऱ्याला शहरात थेट विकायची वाट मोकळी झाली. आमचा बुधवारचा बाजार त्याच वाटेने आलेला आहे. फळ्यावरचा भाव हातगाडीपेक्षा दोन-चार रुपयांनी कमी असतो, म्हणजे गिऱ्हाइकाची फार मोठी बचत होत नाही. पण शेतकऱ्याच्या हातात मार्केट यार्डापेक्षा बरंच जास्त पडतं. मेथीच्या जुडीमागे पालेभाजीवाल्या वहिनींना इथे पाच-सहा रुपये जास्त सुटतात, असं त्यांनीच सांगितलं. आठवड्याला तीनशे जुड्या धरा.

२०२३ च्या उन्हाळ्यात टोमॅटोचं काय झालं ते आठवत असेल. मे महिन्यात शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतले, तोडणीची मजुरीही निघत नव्हती. आणि जुलैत तोच टोमॅटो किलोला शंभरच्या वर गेला. माझे डबे त्या महिन्यात टोमॅटोवाचून अडले असते. मे महिन्यात या गटाने आम्हा नेहमीच्या गिऱ्हाइकांना विनंती केली होती की किलोला बारा रुपये द्या, म्हणजे निदान तोडून आणणं परवडेल. मी चाळीस किलो घेऊन प्युरी करून ठेवली. जुलैत त्यांच्याकडे टोमॅटो थोडा होता, पण नेहमीच्या गिऱ्हाइकांना त्यांनी बाजारभावापेक्षा बराच कमी लावला. कोणी कोणावर उपकार केले नाहीत. दोघांनीही आपापल्या वाईट महिन्यात एकमेकांना धरलं. किराणा ॲपवर हे होणं शक्य नाही, कारण तिथे मला माझा शेतकरी माहीत नसतो आणि त्याला मी.

माल सेंद्रिय आहे का? नाही, आणि ते तसं म्हणतही नाहीत. दोन गाळ्यांवर सेंद्रियचं प्रमाणपत्र लावलेलं आहे, बाकीचे गरजेपुरतं औषध मारतात. पण प्रत्येक टेबलावर एक पाटी असते, शाळेतली काळी पाटी. तिच्यावर गावाचं नाव, तोडणीचा दिवस आणि शेवटची फवारणी किती दिवसांपूर्वी केली तो आकडा खडूने लिहिलेला असतो. मला ही पाटी फार मोलाची वाटते. एकदा भेंडीच्या टेबलावर पाटी होती, पण भेंडी नव्हती. विचारलं तर म्हणाले, रविवारी फवारावं लागलं, आज आणली नाही. तिथे मी या बाजाराची झाले.

आता ज्या गोष्टीसाठी मुद्दाम हे सगळं लिहायला घेतलं ती. हा बाजार भाजी घेऊन येतो आणि जाताना खत घेऊन जातो.

आमच्या सोसायटीत नव्वद घरं. ओल्या कचऱ्याचे चार हौद आम्ही कधीचे बांधलेले. पालिका गांडूळखत प्रकल्पाला मालमत्ता करात पाच टक्के सवलत देते आणि २०१६ च्या घनकचऱ्याच्या नियमांनी वर्गीकरणाची सक्ती केली, म्हणून बांधले, असं म्हटलं तरी चालेल. अडचण पुढे आली. खत तयार होतं पण त्याचं करायचं काय? नव्वद घरांच्या कुंड्यांना लागून लागून किती लागणार! वॉचमनच्या खोलीमागे पोत्यांची थप्पी लागली. पावसात पोती फाटायची. एका सभेत तर हौद बंद करून सगळं पुन्हा कचरागाडीला द्यावं असा ठराव यायला निघाला होता.

कचरागाडीला द्यावं म्हणजे कुठे, हे हडपसरमध्ये राहणाऱ्याला कोणी सांगायला नको. सासवडच्या रस्त्याला उरुळी देवाची आणि फुरसुंगी. पुण्याचा कचरा तीस वर्षांहून जास्त काळ तिथे जात राहिला. विहिरींचं पाणी गेलं, माश्यांमुळे दारं उघडी ठेवता येईनात. २०१७ च्या उन्हाळ्यात डेपोला आग लागली, गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या आणि पुण्यात चौकाचौकात कचरा साचला. त्याच वर्षी ती गावं पालिकेत घेतली, आणि आता त्यांची वेगळी नगरपरिषद झाली आहे. मधल्या काळात माझ्या डब्याचे किती किलो साल-देठ त्या डोंगरात गेले असतील, याचा मी एकदा हिशोब करायला बसले होते.  मी कागद बाजूला ठेवला.

बाजारातल्या अंजीरवाल्या मामांनीच एकदा वॉचमनच्या खोलीमागची थप्पी पाहिली. मूठभर खत घेतलं, वास घेतला, दाबून पाहिलं आणि विचारलं, "ताई, हे कोणाचं?" मी म्हटलं, कोणाचंच नाही. त्यांना ते खरंच वाटेना. गावाकडे आता जनावरं कमी झाली, शेणखताची ट्रॉली पाच-सहा हजारांच्या खाली मिळत नाही, आणि मिळाली तरी त्यात निम्मी माती. माती परीक्षणाच्या कागदावर सेंद्रिय कर्ब, ज्यावर मातीचा कस ठरतो, दर वेळी कमी येतो. त्यांच्या पिकअपची मोकळी कॅरेट घेऊन घाट चढायची फेरी तशीही होणारच होती.

असं ते सुरू झालं. चाळून सुकवलेल्या खताच्या एका पोत्यामागे गट सोसायटीला शंभर रुपयांची भाजीची कुपनं देतो. ती आम्ही कचरा वेचणाऱ्या आणि हौद सांभाळणाऱ्या दोघी ताईंना देतो, त्यांच्याच मेहनतीचं ते फळ. कच्च्या सालींसाठी वेगळी सोय आहे. मटारची टरफलं, कोबी-फ्लॉवरची पानं, गाजराचे शेंडे असं काहीही, पण न शिजवलेलं आणि मीठ-तेल न लागलेलं असेल तर त्याच सकाळी घेऊन जातात, जनावरांसाठी. मी डब्याची भाजी बुधवारी पहाटेच निवडायला घेते, म्हणजे सालं ताजी जातात.

आणि आता दुधाच्या पिशवीचा कोपरा.

खत द्यायला लागून पाच-सहा महिने झाले असतील. एका बुधवारी मामांनी अंजिरं मांडायच्या आधी मला बाजूला बोलावलं आणि खिशातून एक कागदाची पुडी काढली. उघडून टेबलावर ठेवली. आत प्लॅस्टिकचे बारके बारके त्रिकोण होते. नखाएवढे. निळे, पांढरे, काही हिरवट. पंधरा-वीस तरी असतील. मातीत मळलेले, पण धुतल्यासारखे पुसून आणलेले. मला आधी कळलंच नाही. मामा काही बोलले नाहीत, थांबले. मग एका तुकड्यावर अर्धं अक्षर दिसलं आणि लक्षात आलं. दुधाची पिशवी आपण कात्रीने कोपऱ्यात कापतो, तो कोपरा. पिशवी धुऊन सुक्या कचऱ्यात जाते, तेवढी शिस्त आमच्याकडे आहे. कापलेला कोपरा ओट्यावर पडतो, ओट्यावरच्या चहाच्या चोथ्याबरोबर तो ओल्याच्या डब्यात जातो, हौदात जातो, आणि इतका लहान असतो की खताच्या चाळणीतून सरळ खाली येतो. "एका आळ्यातनं निघालं हे," मामा म्हणाले, म्हणजे एका झाडाच्या बुंध्याभोवतीच्या खळग्यातून. "बागेत तीनशे आळी आहेत."

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. पुडी तशीच माझ्या हातात दिली. मी ती सोसायटीच्या सभेत नेली आणि टेबलावर ओतली. नव्वद घरं, रोज सरासरी दोन पिशव्या, महिन्याचे पाच हजारांवर कोपरे. इतकी वर्षं कचरा वेगळा करा म्हणून फलक लावले, पत्रकं वाटली, पण त्या टेबलाभोवती जी शांतता झाली ती आधी कधी झाली नव्हती. आता आमच्याकडे पिशवीला नुसती चीर देतात, कोपरा पूर्ण कापत नाहीत, तो पिशवीलाच लोंबता राहतो आणि तिच्याबरोबर सुक्यात जातो. चाळणीही बारीक जाळीची घेतली. तुम्ही कुठेही राहत असाल आणि तुमचा ओला कचरा खत होत असेल, तर आज संध्याकाळी पिशवी फोडताना एवढं करा. माझी हात जोडून विनंती आहे.

गट वर्षातून एकदा गिऱ्हाइकांना शिवारफेरीला नेतो, माणशी तीनशे रुपये, पिठलं-भाकरीसकट. जरूर जा. मी गेल्या हिवाळ्यात गेले. हडपसर सोडलं की डेपोचा वास, मग वडकीचा मस्तानी तलाव, मग पालखी चढते तो दिवे घाट, आणि वर पुरंदरचं पठार. अंजिराच्या आळ्यांत आमचं खत पसरलेलं पाहिलं. वरचं गवत बाजूला केलं तर गांडुळं होती.

तिथे आणखी एक गोष्ट पाहिली, आणि तीही शहरातल्यांनी पाहायला हवी. पुण्याच्या खालच्या अंगाला मुळा-मुठेचं पाणी पंपाने उचलून पुरंदर उपसा सिंचन योजनेतून या पठारावर चढवतात. म्हणजे आपल्या मोरीतलं, संडासातलं, कारखान्यातलं जे पाणी नदीत जातं, तेच. पाणी सुटलं की शेततळ्यात फेस येतो. पालेभाजीवाल्या वहिनींनी मला दाखवलं. त्या हे पाणी मका आणि उसालाच देतात, पालेभाजीला विहिरीचंच, पण उन्हाळ्यात विहीर आटली की काय करायचं हा प्रश्न त्यांच्यापुढे दरवर्षी असतो. पुण्यात जायका या जपानी संस्थेच्या अर्थसाहाय्याच्या प्रकल्पात ११ नवी मैलाशुद्धीकरण केंद्रं धरलेली आहेत, रोज ३९६ दशलक्ष लिटर शुद्ध करतील अशी. ती पुरी क्षमतेने चालणं ही आम्हाला नदीकाठी फिरायला छान वाटावं म्हणून करायची गोष्ट राहिलेली नाही. आपण खातो ती भाजी त्या पाण्याच्या शेजारी वाढते. मी परत आल्यापासून भांड्यांचा साबण बदलला, तेलकट कढई आधी कागदाने पुसून मग धुते. माझ्या हातात तेवढं होतं.

आता तक्रारी, कारण त्याही आहेत.

पावसात हाल होतात. मैदानात चिखल, ताडपत्रीतून धार, आणि वयस्कर माणसांना उभं राहायला जागा नाही. दोन पावसाळे झाले, गट मुरूम टाकू म्हणतोय, अजून टाकलेला नाही. नऊनंतर गेलात तर पालेभाजी संपलेली असते. नोकरीवाल्यांसाठी संध्याकाळचा बाजार हवा, हे मी तोंडावर सांगितलं आहे. त्यांचं म्हणणं, संध्याकाळी घाटातून परत जायचं म्हणजे दुसऱ्या दिवशीची तोड बुडते. दोघांचंही खरं आहे, पण यातून काहीतरी वाट काढायला हवी. स्कॅनर सगळ्यांकडे आहेत, पण सुट्टे कोणाकडे नसतात.

बटाटे आणि लसूण इथून घेऊ नका. ते मार्केट यार्डातूनच आणलेले असतात आणि पाटीवर तसं लिहिलेलंही असतं. एका गाळेवाल्याने मात्र मध्यंतरी यार्डातली ढोबळी मिरची घरची म्हणून विकली. मला देठावरूनच शंका आली होती, सुकून तपकिरी झालेले, किमान तीन दिवसांचे. मी गटाला सांगितलं. त्यांनी चौकशी केली आणि महिनाभर तो गाळा बंद ठेवला. मला वाईट वाटलं, कारण त्या आठवड्यात त्याच्या बागेवर करपा आला होता आणि टेबल मोकळं दिसू नये म्हणून त्याने ते केलं होतं. तरी गटाने केलं ते योग्य केलं. पाटीवरचा खडू खोटा झाला तर उरलं काय?

आणि एक गोष्ट, जी माझ्या मनाला लागून आहे. आमच्या कोपऱ्यावर एक आजी तीस वर्षं भाजी विकतात. त्याही फुरसुंगीच्याच, घरची जमीन गेल्यावर टोपली घेऊन बसायला लागलेल्या. बुधवारी त्यांचा धंदा निम्म्यावर येतो. शेतकरी बाजार आला की मधला माणूस गेला असं आपण आनंदाने म्हणतो, तेव्हा तो मधला माणूस कधी कधी ही आजी असते. मी गटाशी बोलले. आता दोन गाळ्यांवरचा उरलेला माल साडेदहाला आजी फळ्यावरच्या भावापेक्षा कमी दरात घेतात आणि दुपारी विकतात. शेतकऱ्याला उरलेला माल घाट चढवून परत न्यावा लागत नाही. मी कोथिंबीर, आलं, मिरची रोज त्यांच्याकडूनच घेते आणि तुम्हीही घ्या, कारण बाजार बुधवारी आहे आणि आमटीला कोथिंबीर रोज लागते.

एकूण मला विचाराल तर पाचपैकी साडेचार. अर्धा गुण त्या मुरुमासाठी राखून ठेवला आहे.

जाताना कापडी पिशव्या न्या, २०१८ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे आणि हे लोक ती खरोखर पाळतात. अंजिरासाठी उथळ डबा न्या, पिशवीत घातलीत तर घरी जॅम पोचेल. कच्ची सालं द्यायची असतील तर सातच्या आत. सोसायटीचं खत द्यायचं असेल तर आदल्या आठवड्यात सांगावं लागतं, कोणीतरी येऊन हौद पाहून जातं, हाताने चाळून पाहतं. दोन सोसायट्यांचं खत त्यांनी काचेचे तुकडे निघाले म्हणून नाकारलं आहे.

मामांच्या बाबतीत एक सांगायचं राहिलं. पुरंदरच्या नव्या विमानतळासाठी सात गावांतल्या जमिनी ठरल्या आहेत, त्यांतल्या एका गावात त्यांच्या भावाची बाग आहे. मामांची बाग थोडक्यात वाचली. भावाची दीडशे झाडं. त्याबद्दल ते बाजारात बोलत नाहीत, मीच एकदा विचारलं तेव्हा कॅरेट सारखी करत म्हणाले, "बघू." पण खट्ट्या बहाराची छाटणी जूनमध्ये असते आणि छाटणीबरोबर आळ्यांत खत लागतं. गेल्या बुधवारी त्यांनी यंदाची मागणी सांगितली. स्वतःसाठी बारा पोती, आणि भावासाठी आठ. मी वहीत वीस लिहून घेतली. आमच्या हौदात सध्या चौदाच तयार आहेत. शेजारच्या सोसायटीतल्या कोणी हे वाचत असेल तर मला सांगा, सहा पोती हवी आहेत, बारीक जाळीतून चाळलेली, बुधवारी सहा वाजता फाटकापाशी.